तीन नंबरची जर्सी

किलड्रीना, काउंटी क्लेअर
११ सप्टेंबर २०१२

सेनन,

जिवंत आहेस असं धरून लिहितेय. मेला असतास तर लिमरिकच्या पेपरात फोटो आला असता, आणि त्या फोटोत तू टाय लावला असतास.

तुझं कात्रण मिळालं. आपल्या गेलिक फुटबॉलने रग्बीकडून चार नियम उसने घ्यावेत म्हणे. रेफरीशी हुज्जत घातली की बॉल पुढे न्या, कुणी मस्ती केली की दहा मिनिटं बाहेर बसवा, असलं सगळं. मी ते क्रिस्टी टॅल्टीला दाखवलं. आता तो क्लबचा अध्यक्ष आहे. शाळेत बाहीला नाक पुसायचा तोच. त्याने ते नीट वाचलं, घडी घातली आणि माझ्या चुलीत टाकलं. चहा मात्र दोन कप प्यायला.

तुमच्या खेळाबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. सोळा धट्टेकट्टे बाप्ये एकमेकांच्या ढुंगणाशी डोकी खुपसून ढकलाढकली करतात, आणि मधूनच बॉल बाहेर आला तर दचकतात. पण आज एक विचारायचंय, म्हणून कागद काढलाय.

रविवारी सामना होता. फिंटनच्या डोक्यात समोरच्याचा गुडघा बसला. तुझा भाचा आता कॅप्टन आहे, आणि तीन नंबरवर, म्हणजे गोलच्या अगदी पुढ्यात, भिंतीसारखा उभा असतो. तर आडवा झाला. मग उठला, आणि बापासारखाच हात हलवून काही नाही, काही नाही म्हणाला. खेळ पुन्हा सुरू झाला तर हा गडी उलट्या दिशेने चालायला लागला, त्यांच्या गोलकडे. लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. वाटलं, गंमत करतोय, आईवर गेलाय.

सोमवारी जर्सी धुवायला घेतल्या. फिंटनचा बाप, माझा मॉसी, होता तेव्हापासून टीमच्या जर्सी माझ्याच घरी येतात, आणि वाळत घातल्या की अख्खं गाव रस्त्यावरून दोरी वाचत जातं. पण दोरीआधी पिशवी मी वाचते. कोण चिखलात लोळला, कोण नुसता उभा राहिला, कुणी आदल्या दिवशी जास्त ढोसली, सगळं कळतं. या वेळी सगळ्या जर्सी चिखल वाळून पापडासारख्या कडक झालेल्या, आणि तीन नंबर तेवढी ओली. विसळून, पिळून ठेवलेली. सेनन, या पोराने एकतीस वर्षांत स्वतःचा चहाचा कप विसळला नाही. गळ्याशी नाक नेलं तर वास राहिलेला होताच. ओकला होता. विचारलं तर म्हणाला, डबक्यात पडली होती.

आमच्यात नियम कसा आहे माहितीय ना? रक्त दिसलं की खेळाडूला बाहेर जावंच लागतं. रक्त थांबवायचं, जर्सी बदलायची, मग परत आत. तोवर दुसरा गडी त्याच्या जागी. पण डोक्याच्या आत काय सांडलं ते कुणाला दिसतं? आत काही झालं तर ज्याचं डोकं त्यानेच सांगायचं. आणि ज्याचं डोकं फिरलंय त्याला विचारून काय उपयोग?

डॉक्टरकडे जा म्हटलं. इथे डॉक्टर एकच, हॅसेट, आणि तो शेजारच्या आर्डनाग्लाचा. नुसता राहायला तिथे नाही, त्यांची टीम निवडतो. फिंटन म्हणाला, त्याला सांगितलं तर तो तपासेल एक मिनिट आणि वापरेल महिनाभर. त्यात खोटं काय? आणि एनिसच्या मोठ्या दवाखान्यात जायचं तर गाईंचं दूध कोण काढणार, हे ठरलेलं उत्तर.

कारण चौदा ऑक्टोबरला आर्डनाग्लाशीच सामना आहे. दोन्ही गावांत माणसं उरली नाहीत. आमची निम्मी पोरं पर्थला, निम्मी टोरांटोला. म्हणून ठरलंय की जो हरेल त्याने आपला क्लब बंद करायचा आणि दुसऱ्याच्या नावाखाली जायचं. आमच्याकडे पंधरा खेळणारे आणि राखीव एक, डिनी, ज्याचा एक गुडघा स्वतःचा आहे आणि दुसरा देवाचा. मैदानाच्या फाटकावर तुझ्या मेव्हण्याचं नाव आहे, मॉसी लिलिस मैदान. फिंटन बसला तर ती पाटी उतरली समज.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तर सांग, तुमच्याकडे असं झालं की काय करतात? आणि भाषण नको.

डिम्फना


लिमरिक
१७ सप्टेंबर २०१२

प्रिय डिम्फना,

टाय माझ्याकडे एकच आहे. तो मी मॉसीच्या मयतीला लावला होता, आणि मॉसीने मला काय केलं होतं ते आठवूनसुद्धा लावला होता.

विसरली असशील तर सांगतो. त्या काळी आपल्या गेलिक संघटनेचा माणूस रग्बी नुसती बघायला गेला तरी त्याची हकालपट्टी व्हायची. मी गेलो. मला तिथे बघितलं कुणी? मॉसीने. तो पाळत ठेवायला आला होता. पाळत ठेवता ठेवता त्याने सगळा सामना बघितला, शेवटी टाळ्या वाजवल्या, आणि मंगळवारी माझं नाव काढून टाकलं. म्हणून मी लिमरिकचा झालो. तेव्हा रग्बीकडून काही घ्यायला तुमच्या क्लबच्या पोटात दुखतं, हे मला नवीन नाही.

आता तुझं उत्तर. यंदापासून आमच्या मोठ्या सामन्यांत एक पद्धत सुरू केलीय. डोक्याला लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेतात. पाच मिनिटं डॉक्टर त्याला प्रश्न विचारतात, मैदान कोणतं, मागचे पॉइंट कुणी केले, एका पायावर उभा राहून दाखव. तोवर त्याच्या जागी दुसरा खेळतो, ती बदली ठरलेल्या बदल्यांत मोजत नाहीत. उत्तरं चुकली की तो परत जात नाही. खेळाडूला कुणी विचारत नाही, हीच त्यातली चांगली गोष्ट. त्याच्यावर भ्याडपणाचा शिक्का बसत नाही.

मी ते कात्रण तुला उगाच पाठवलं नव्हतं. गसी आठवतो? माझ्या लग्नात टेबलावर चढून नाचला तो. बारा वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून स्क्रममध्ये, तू म्हणतेस त्या ढकलाढकलीत, डोकं घालायचा. दर गुरुवारी मी त्याची दाढी करायला जातो. बायकोला तो मॅडम म्हणतो. परवा तिने त्याला चहा दिला तर म्हणाला, तुमचे उपकार झाले, आता घरी जायला हवं, बायको वाट बघत असेल.

क्लबच्या सभेत ठराव मांड. तो मंजूर झाला तर वर काउंटीच्या समितीकडे जाईल.

आम्ही संत आहोत असं मात्र समजू नकोस. आमच्यातही रक्ताचा नियम आहे, आणि मागे एका खेळाडूने खोट्या रक्ताची गोळी दातांखाली फोडली होती, बदली गडी आत घ्यायला. पकडला गेला, केवढी शोभा झाली. माणूस नियमाच्या पुढे एक पाऊल असतोच.

सेनन


किलड्रीना
१ ऑक्टोबर २०१२

सेनन,

गसीचं वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकून आले. मग पुढचं वाचलं.

मांडला ठराव. शाळेच्या हॉलमध्ये सभा, सगळे लहान मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेले. मी उभी राहून सांगितलं, डोक्याला लागलं की बाहेर, तपासल्याशिवाय आत नाही, बदली मोजायची नाही. हे कुठून आणलंस, असं क्रिस्टीने विचारलं. लिमरिकहून, म्हटलं. मागून कुणीतरी म्हणालं, लिमरिकहून आणायच्या दोनच गोष्टी, हॅम आणि बायको, आणि दोन्ही खारट निघतात.

मग जो तो बोलायला लागला. एकाचं म्हणणं, रग्बीवाल्यांकडे पैसा आहे, सामन्याला तीन तीन डॉक्टर असतात, आपल्याकडे पाण्याची बादली आणि जपमाळ. हे खरं होतं, मी मान हलवली. दुसरा म्हणाला, लबाड टीमा दमलेल्या गड्याचं डोकं दुखतंय म्हणतील आणि ताजा गडी आत पाठवतील. हेही खरं होतं. क्रिस्टी म्हणाला की आज हा नियम घेतला तर उद्या स्क्रम येईल, आणि मॉसी कबरीत कुशीवर वळेल. मी म्हटलं, मॉसी कुशीवरच झोपायचा, त्याला सवय आहे. आणि मैदानावरचे गोलचे खांब बघ, क्रिस्टी, आडव्या दांडीच्या वर उंच गेलेत ते. रग्बीच्या मैदानावर वेगळे दिसतात का? ते उसने घेताना कुणाच्या आजोबांनी सभा भरवली होती?

लोक हसले. सेनन, मी लोकांना हसवते, तीच माझी चूक होते. हसले की त्यांना वाटतं विषय संपला.

मग फिंटन उभा राहिला. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, ते मला दिसलं. म्हणाला, "माझ्या आईला काळजी वाटते, ते ठीक आहे. पण माझं डोकं माझं आहे, आणि ते चांगलं आहे. आपल्याला नियम नकोत, माणसं हवीत."

टाळ्या पडल्या. अनुमोदन कोण देतंय, असं क्रिस्टीने तीनदा विचारलं. डिनीची बायको हात वर करता करता थांबली आणि तोच हात तिने केसांवरून फिरवला. अनुमोदन नाही, ठराव मेला. बाहेर प्रत्येकीने माझा हात दाबला. हॉलमध्ये दाबायला काय झालं होतं?

घरी आल्यावर तोच बोलला. "आई, मी बसलो तर चौदा राहतात आणि डिनीचा गुडघा. फाटकावरची बाबांची पाटी उतरवायला शिडी कोण धरणार, तू?"

मी बटाटे सोलले. चौदा तारखेला मी मैदानाबाहेर उभी राहणार आणि बघणार, दुसरं काय. शहाणी झालेय आता, काळजी करू नकोस.

बरं, त्या खोट्या रक्तवाल्याचं पुढे काय झालं? सहज विचारतेय. पकडला कसा गेला तो?

डिम्फना


लिमरिक
८ ऑक्टोबर २०१२

प्रिय डिम्फना,

तू शांतपणे घेतलंस हे वाचून बरं वाटलं. या वयात शहाणपण आलं, तेही नशीब. माझं ऐक, सामन्यानंतर त्याला इकडे पाठव. आमच्या क्लबच्या डॉक्टरला मी बोलून ठेवलंय. इथे त्याला कुणी ओळखत नाही, आणि गाई दोन दिवस क्रिस्टी बघेल. सामन्याआधी तो येणार नाही, हे मलाही कळतं.

तो रक्तवाला दोन कारणांनी पकडला गेला. एक म्हणजे बाहेर जाताना त्याने डोळा मारला. दुसरं, त्याचं रक्त फार लाल होतं. खरं रक्त हवेत काळपट पडतं, हे तर रंगवणाऱ्या पोरालाही कळतं.

आणि हो, नाताळच्या आधी रक्त भरलेलं ब्लॅक पुडिंग पाठवशील ना नेहमीसारखं? इथल्या दुकानांतलं खाऊन तोंड खराब झालंय. तुझ्या हातचं डुकराचं रक्त वेगळंच लागतं.

सेनन


किलड्रीना
१७ ऑक्टोबर २०१२

सेनन,

एका पॉइंटने हरलो. पेपरात वाचलं असशील. पेपरात नाही ते सांगते, आणि हे पत्र वाचून झाल्यावर तू क्रिस्टीसारखं चुलीत टाक.

सामन्यात पाणी नेणारा आमचा माणूस ऑगस्टमध्ये पर्थला गेला. मी क्रिस्टीला म्हटलं, मी नेते पाणी. तो हसला, बायका पळणार कशा म्हणाला. मी म्हटलं, तुझी टीम तरी कुठे पळते? मग त्याने मला ते पिवळं जाकीट दिलं, गुडघ्यापर्यंत आलं माझ्या. गावाने माझे फोटो काढले. मजा चालली होती सगळ्यांची.

पिशवीत पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यांच्या खाली एका डब्यात ओला टॉवेल होता. पुडिंगसाठी शनिवारी खाटकाकडून आणलेलं रक्त त्यात जिरवलेलं. रात्रभर ठेवलं होतं, काळपट पडावं म्हणून. तुझ्याच शिक्षणाचा उपयोग केला.

मी ते वापरणार नव्हते. हे खरं सांगतेय. पहिला अर्धा भाग छान गेला, फिंटन वाघासारखा खेळला, आम्ही दोन पॉइंटने पुढे. वाटलं, मी म्हातारी झालेय आणि मला भुतं दिसतायत. टॉवेल तसाच घरी नेईन आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरून टाकीन.

दुसऱ्या भागात उंच बॉल आला. तो उडाला, आणि खाली येताना त्यांच्या लांबड्या पोराचं कोपर कानशिलात बसलं. मुद्दाम नव्हतं. फिंटन पडला आणि उठला. रेफरीने विचारलं, ठीक आहेस? ठीक आहे, म्हणाला. झालं, एवढीच आमची तपासणी. मग तो गोलच्या खांबाला धरून उभा राहिला, जत्रेत हरवलेलं पोर कुणाचातरी कोट धरतं तसा. गोलकीपरला काहीतरी विचारलं. गोलकीपरने माझ्याकडे बघितलं. नंतर कळलं, त्याने विचारलं होतं, बाबा आलेत का.

मी आत गेले. पळाले नाही, पण चालले म्हणणंही बरोबर नाही. त्याला पाणी पाजलं आणि टॉवेलने तोंड पुसलं, कपाळ, गळा, जर्सीची कॉलर. आमची जर्सी पांढरी. मग बाजूला झाले आणि रेफरीला म्हटलं, बघ बाबा, रक्त. त्याने बघितलं आणि बाहेरचा रस्ता दाखवला. रक्ताला कुणाचं अनुमोदन लागत नाही.

डिनी लंगडत आत गेला. फिंटनला मी बाकावर बसवलं आणि टॉवेल डोक्याला दाबून धरला, म्हणजे जखम शोधायला कुणी जवळ येऊ नये. तो नाकाने श्वास घेत होता. सेनन, हा पोरगा माझ्या स्वयंपाकघरात वाढलाय. दर वर्षी पुडिंगचं पातेलं ढवळलंय त्याने. त्याला तो वास कळणार नाही?

हळूच म्हणाला, "आई, हे रक्त कुणाचं?"

मी म्हटलं, "तुझंच. थोडं आधी बाहेर काढलंय."

तेवढ्यात क्रिस्टी धावत आला, बिननंबरी जर्सी कुठेय, चढवा, पाठवा त्याला आत. अशा वेळेसाठी प्रत्येक टीम एक बिननंबरी जर्सी ठेवते, आणि ती माझ्या ताब्यात असते. मी म्हटलं, घरी दोरीवर आहे, वाळली नाही. त्याने जी शिवी दिली ती मॉसीच्या मैदानावर पहिल्यांदाच ऐकू आली असेल. डॉक्टर हॅसेट पलीकडच्या बाजूने आमच्याकडे बघत उभा होता. दोन पावलं पुढे आला आणि थांबला. शत्रूच्या बाकाकडे कसा येणार?

शेवटच्या मिनिटाला त्यांनी गोल केला, एका फटक्यात तीन पॉइंट. फिंटन उभा असता ती जागा रिकामी होती. डिनी तिथे पोचला तेव्हा बॉल जाळ्यात होता.

आता कुणाला काही माहीत नाही. लोक घरी केक आणून देतायत. बिचाऱ्या फिंटनला नेमकं तेव्हाच रक्त यावं, म्हणतात. मी तो केक खाते, सेनन. आणि ज्याला माहितीय तो माझ्यासमोर बसून जेवतो आणि बोलत नाही. मीठसुद्धा मागत नाही, उठून घेतो. लिमरिकला जा म्हटलं तर बाहेर गाईंकडे गेला. डोकं दुखतं का? मला काय कळणार? कपडे तो आता स्वतः धुतो. सगळे.

डिम्फना

ता. क. यंदा पुडिंगची वाट बघू नकोस. रक्त दुसरीकडे खर्च झालं.


लिमरिक
२५ ऑक्टोबर २०१२

डिम्फना,

पत्र चुलीत टाकलं नाही. आज गुरुवार, गसीला वाचून दाखवलं. पिवळ्या जाकिटाला तो खूप हसला. मग विचारलं, ही बाई कोण? माझी बहीण म्हटल्यावर म्हणाला, तिला सांग, माझ्यासाठी पण ये.

आता माझं ऐकून घे, तुला आवडणार नाही. चारचौघांत आणि त्याला न विचारता तू त्याच्याकडून खेळ काढून घेतलास. मॉसीने माझ्याकडून घेतला होता तसाच. तुम्हा नवराबायकोचं चांगलं जमलं असणार. मी मॉसीशी सहा वर्षं बोललो नव्हतो. तेव्हा फिंटन बोलत नाही म्हणून रडू नकोस, मुदत अजून बरीच आहे.

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नाही. त्याने वास ओळखला होता. तिथेच उठून तो टॉवेल क्रिस्टीच्या तोंडावर फेकू शकला असता. ज्याला आत जायचंच असतं तो डिनीच्या अंगावरची जर्सी ओरबाडून घालतो, मी बघितलेत असे. फिंटन बसून राहिला. कुणीतरी बसवावं म्हणून किती दिवस वाट बघत होता, ते त्यालाच माहीत.

त्याला विचारू नकोस. आणि कपडे धुऊ दे त्याला.

सेनन


किलड्रीना
१२ नोव्हेंबर २०१२

सेनन,

तू म्हणालास तसं तोंड मिटून राहिले. आयुष्यात इतके दिवस मी गप्प कधी नव्हते. कोंबड्या घाबरून अंडी देईनाशा झाल्या.

बुधवारी दोन्ही गावांची सभा झाली. नाव आर्डनाग्लाचं. मैदान मात्र आमचं, कारण त्यांच्या मैदानावर हिवाळ्यात बदकं पोहतात. पाटी राहिली. आपण जिंकून ती राखणार होतो, ती हरून राहिली, आता यावर मॉसी कुठल्या कुशीवर वळला असेल ते त्यालाच विचार. डॉक्टर हॅसेटने उठून एक ठराव मांडला. डोक्याला लागलं की बाहेर, तपासल्याशिवाय आत नाही, बदली मोजायची नाही. अनुमोदन कोण देतंय म्हटल्यावर डिनीच्या बायकोने हात वर केला आणि या वेळी केसांकडे नेला नाही. अकरा हात वर आले, ठराव मंजूर. क्रिस्टी म्हणाला, फार चांगला विचार, आमच्याही मनात होता. काउंटीवाले हसून केराच्या टोपलीत टाकतील, असं सगळे म्हणतात. टाकू देत.

फिंटन शेवटच्या रांगेत होता. त्याने हात वर केला नाही. कशाच्याच बाजूने नाही.

शुक्रवारी क्रिस्टी नव्या जर्सींची पिशवी घेऊन आला. काळ्या-पिवळ्या. दोरीवर घातल्या तर गांधीलमाश्यांचं पोळं बसलंय असं वाटेल. आर्डनाग्लाच्या बायका म्हणे धुवायला तयार आहेत, पण त्यांनीच सुचवलं, किलड्रीनाच्या दोरीवर कपडे फार पांढरे निघतात. मी म्हटलं, ठेव पिशवी. कुणी अंगाला हात लावून न घेता खेळला तर कळायला नको का कुणाला? क्रिस्टी हसला आणि जाताना दारात थांबला. म्हणाला, "डिम्फना, ती बिननंबरी जर्सी त्या दिवशी दोरीवर नव्हती. मी येताना बघितली होती दोरी." मग चहा न पिताच गेला. म्हणजे त्यालाही माहितीय, आणि तोही धरून बसलाय. या गावात कुणी कुणाला सोडत नाही, सेनन, आणि कुणी कुणाला उघडंही पाडत नाही. एवढ्याशा जागेत सगळ्यांनी एकमेकांच्या पायावर पाय देऊन उभं राहायचं.

आज सकाळी दूध काढून झाल्यावर बऱ्याच वेळाने फिंटन आत आला. मागच्या खोलीत बादली ठेवल्याचा आवाज आला. मी गेले नाही. मग त्यानेच हाक मारली. मी विसरले होते त्याचा आवाज किती मॉसीसारखा आहे ते.

बादलीत त्याचा गोठ्यातला सदरा होता. विसळलेला नव्हता, पिळलेला नव्हता. पुढचा सगळा भाग ओकलेल्या सकाळच्या लापशीने भरलेला. तो दाराची चौकट धरून उभा होता, खांब धरला होता तशीच.

म्हणाला, "तसाच ठेवलाय. बघ."

मी बघितला. किती वेळा झालंय विचारलं. रोज नाही, म्हणाला. मग खाली बसला, तिथेच, फरशीवर, आणि म्हणाला, "डॉक्टरला फोन कर."

मी म्हटलं, सेनन मामाने लिमरिकला सांगून ठेवलंय, क्रिस्टीला गाडी काढायला सांगते. हॅसेटचं नाव काढायची माझी छाती झाली नाही. काय करू, तोंडवळणी पडलंय, तो त्यांचा माणूस.

फिंटनने डोळे मिटले होते. म्हणाला, "कशाला लांब जायचं? तो आता आपलाच आहे."

फोन केला. हॅसेटने दोनच प्रश्न विचारले आणि निघतो म्हणाला, त्याच्या आवाजावरून वाटलं की किल्ल्या हातातच होत्या. पुढे काय, ते माहीत नाही. एनिसला न्यायचं, का लिमरिकला तुझ्याकडे, का कुठेच नाही. वेळेत झालं की उशीर झाला, तेही मला कळत नाही. मी फरशीवर त्याच्या शेजारी बसून हे लिहितेय, म्हणून अक्षर असं. मघाशी त्याने मीठ मागितलं. कशाला, विचारलं, तर म्हणाला, काही नाही, मागून बघितलं.

सदरा बादलीतच आहे. हात लावलेला नाही. डॉक्टरने बघितल्याशिवाय धुणार नाही.

डिम्फना